बायकोच्या फ्रिजमधली बाटली

त्याला सगळे ‘तेरा’ म्हणत. खरं नाव वीजबिलावर छापून यायचं आणि तिथंच राहायचं.

फ्रिज दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, खांद्यावर हत्यारांची पिशवी. ज्या इमारतीत फ्रिज बिघडतो त्या इमारतीची लिफ्ट हटकून बंद असते, हा त्याचा पस्तीस वर्षांचा अनुभव. जिने चढायचे, फ्रिज पुढं ओढायचा, मागची धूळ नाकातोंडात घ्यायची, आणि वर बाईसाहेबांचं ऐकायचं, “कालपर्यंत तर चांगला चालत होता हो!” अहो, बिघडण्याआधी सगळंच चांगलं चालत असतं. पण हे तो बोलायचा नाही. बोलायलाही दम लागतो.

‘तेरा’ हे नाव पडलं बिअरपायी. गावाच्या कडेला एका जुन्या गोदामात ताईची ब्रुअरी होती. तीन टाक्या, पुढं दोन बाकं टाकलेली एक खोली, आणि सगळा कारभार ताईच्या एकटीच्या हातात. कुणी ‘दारूची भट्टी’ म्हटलं की ती अशी बघायची की माणूस पुन्हा तो शब्द काढत नसे. वर्षभर ती साधी, ताजी प्यायची बिअर करायची. पण थंडीत एकदाच एक काळीशार, दाट, कडक बिअर लावायची. तिचं नाव ‘म्हातारी’. बाकीची बिअर ठेवली की बिघडते, ही ठेवली की मुरते. मात्र ठेवायला जागा हवी अंधारी आणि एकसारखी गार. तेरा डिग्री. बारा नाही, चौदा नाही, तेरा. हे ऐकवून ऐकवून त्यानं सगळ्यांचं डोकं उठवलं, म्हणून तो तेरा झाला.

त्याचं असं झालं. वीस वर्षांपूर्वी ताईची कोल्ड रूम दुरुस्त केली तेव्हा तिनं त्याच्या हातात म्हातारीची एक बाटली ठेवली. ती तो दुकानातल्या एका जुन्या फ्रिजमध्ये ठेवून साफ विसरला. वर्षानं काहीतरी शोधताना सापडली. उघडली, एक घोट घेतला आणि तिथंच स्टुलावर बसला. कडवटपणा कुठल्या कुठं गेला होता. भिजलेल्या मनुकांची, जळक्या साखरेची, जुन्या लाकडाची चव एकामागून एक जिभेवर येत होती. तो तसाच सायकल काढून ताईकडे गेला. ताई म्हणाली, “मला ठाऊक आहे रे. पण थांबतो कोण?”

हा थांबला. गिऱ्हाइकानं टाकून दिलेला एक फ्रिज त्यानं उघडून, थर्मोस्टॅट बदलून बरोब्बर तेरावर आणला आणि दर वर्षी एक बाटली आत उभी करत गेला. मानेला चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. अशा एकोणीस झाल्या. गुरुवारी संध्याकाळी ब्रुअरीच्या बाकांवर शौकिनांचं टोळकं जमायचं. बाटल्यांची अदलाबदल व्हायची, भांडणं व्हायची, रिटायर झालेले मास्तर पेल्यात नाक खुपसून म्हणायचे, “जुन्या कपाटाचा वास येतोय.” बसचा ड्रायव्हर म्हणायचा, “मास्तर, कपाटात काय लपवलं होतंत ते सांगा!” तेरा एका कोपऱ्यात गुडघा चोळत बसायचा. त्याच्या एकोणीस बाटल्यांवर सगळ्यांचा डोळा होता, पण तो हलायचा नाही. साठ पूर्ण झाली की दुकान बंद करायचं, आणि त्या दिवशी एकोणिसाच्या एकोणीस बाटल्या, सर्वांत जुनीपासून सर्वांत नवीपर्यंत, या टोळक्याबरोबर एका बैठकीत उघडायच्या, असं त्यानं केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. रोजच्या मरमरीत पुढं बघावं असं त्याला तेवढंच काय ते उरलं होतं.

आता त्याच्या कानाविषयी सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथूनच झाली. तेराला फ्रिज फोनवर कळायचा. “फोन फ्रिजजवळ धरा,” म्हणायचा, पाच-सात सेकंद ऐकायचा, आणि सांगायचा: कॉम्प्रेसर गेला, पंख्याला बर्फ लागलाय, किंवा मागं भिंतीला टेकलाय, वीतभर पुढं ओढा. कधी चुकला नाही. एकदाच चुकला, म्हणजे चुकला नाही, तेच तर दुखणं होतं.

तो रविवार होता. रविवार असूनही त्या दिवशी तिसरी इमारत, सातवा मजला. घरी आला तेव्हा चार वाजले होते आणि पायांचे तुकडे पडले होते. कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून तो बसला, शेजारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात ताईचा फोन आला.

“तेरा, अरे यीस्टचा फ्रिज कट्-कट् करतोय. आणि दार हाताला गरम लागतंय.”

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं असतं त्याचंच भावंड, जिवंत वस्तू. बिअरची बिअर तेच करतं. म्हातारीचं यीस्ट ताई बाहेरून आणत नसे. एका वर्षीच्या टाकीच्या तळाचं यीस्ट बरणीत ठेवायचं, वर्षभर मधूनमधून खाऊ घालून जगवायचं आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवी म्हातारी उठवायची, अशी वीस वर्षांची रीत होती. म्हातारीची ती चव त्याच यीस्टची. दोन बरण्या होत्या, आणि दोन्ही त्या एकाच फ्रिजमध्ये.

“फोन जवळ धरा,” तेरा म्हणाला. ऐकलं. आणि त्याला कळलं. आतला बर्फ वितळवायला एक हिटर असतो, तो घडीभर चालून बंद व्हायचा असतो. त्याचा टायमर अडकला होता. फ्रिजचा ओव्हन व्हायला लागला होता.

त्यानं टबातल्या पायांकडे बघितलं. सायकल आता गुडघ्याला झेपत नव्हती. ताईची ब्रुअरी म्हणजे बसनं पाऊण तास, मग चालत.

“काही नाही ताई,” तो म्हणाला, “जुना झालाय, कुरकुरतो. दार उघडू नका, उद्या सकाळी पहिलं तुमच्याकडे येतो.”

सोमवारी सकाळी एका दवाखान्याचा औषधांचा फ्रिज बंद पडला आणि तिकडे दिवस गेला. मंगळवारी तो ताईकडे पोचला. दार उघडल्याबरोबर शिजल्याचा वास आला. टायमर अडकलेला होताच, वर हिटरला आवरणारा सेन्सरही चिकटून बसला होता. दोन्ही बरण्यांतलं यीस्ट तपकिरी होऊन तळाशी बसलं होतं. ताईनं एक बरणी उचलली, हलवली, हुंगली आणि खाली ठेवली.

“केव्हा झालं असेल रे?”

“सांगता येत नाही ताई. काल रात्री असेल. पार्ट आहे, अचानक जातो.”

हे तो कसं बोलून गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ताई ओट्याला टेकून उभी राहिली. बासष्टीची बाई, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडावर वय दिसलं. “जाऊ दे,” ती म्हणाली. “मीही दमलेच होते. म्हातारी माझ्याआधी गेली म्हणायचं.”

तो म्हणाला, “ताई, माझ्याकडे बाटल्या आहेत की.”

“तुझ्या साठीच्या?”

“साठी गेली खड्ड्यात.”

बाटलीच्या तळाला जो गाळ बसतो ते झोपी गेलेलं यीस्टच असतं. त्यातलं चिमूटभर जरी जिवंत निघालं तरी ते वाढवता येतं. पण त्यातही मेख होती. गाळ दिसतो म्हणून दुकानदार नाकं मुरडायचे, म्हणून गेली सहा वर्षं ताई म्हातारी गाळून भरत होती. त्या सहा बाटल्यांच्या तळाला काहीच नव्हतं. उरल्या जुन्या, गाळवाल्या. मोजल्या तर तेरा. मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसू आलं, मग तेराचं तोंड बघून त्यांनी ते आवरलं.

तेरा आणि ताईनं त्या बाटल्या पाच आठवड्यांत, तीन-तीन चार-चार करून उघडल्या. रीत ठरलेली. बाटलीच्या तोंडावरून ज्योत फिरवायची, बिअर हलक्या हातानं ओतून घ्यायची, तळाशी दोन बोटं ठेवायची. त्या दोन बोटांत उकळून निववलेलं माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या सातूचं, गोड पाणी घालायचं, तोंडाला कापूस लावायचा आणि फेस येतो का बघत बसायचं. ओतून घेतलेली बिअर दोघं उभ्या उभ्या प्यायचे. किती वर्षं जपलेली ती बिअर! सात वर्षांची तर नुसता मध होती. बारा वर्षांची तोंडात घेतली तेव्हा ताई डोळे मिटून म्हणाली, “आई गं, ही मी केली होती?” तेरानं मान हलवली. चव त्याला कळत होती, सगळी कळत होती, पण आनंद म्हणून होत नव्हता. साठीला बारा माणसांत जे हसतखेळत व्हायचं ते असं टाकीला टेकून चाललं होतं. आणि प्रत्येक वेळी ताई म्हणायची, “तुझे उपकार झाले रे तेरा.” ते ऐकून त्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटायचं.

फेस काही आला नाही. सात वर्षांच्या बाटलीला नाही, दहाच्या नाही, एकोणीसच्या तर नाहीच. एवढ्या कडक बिअरमध्ये यीस्ट किती वर्षं तग धरणार? तेरावी बाटलीही गेली त्या दिवशी ताईनं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि म्हणाली, “बस झालं. सुटली बिचारी.”

तो घरी आला. पिशवी दारातच टाकली.

“संपल्या?” बायकोनं विचारलं.

“तेराच्या तेरा. एकातही धुगधुगी नाही.”

“तेरा कशा? चौदा आहेत.”

बायको उठली आणि तिनं स्वयंपाकघरातल्या फ्रिजचं दार उघडलं.

आता हसू नका. नऊ वर्षांपूर्वी त्यानं म्हातारीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक ठेवायला, एक प्यायला. ठेवायची कुठली हे बायकोला काय ठाऊक, तिनं एक उचलून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. तीन दिवसांनी त्याला ती दिसली आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. “चार डिग्रीत? म्हातारीला? अगं, मेली ती! मुरणार काय डोंबल आता?” दुसरी त्यानं आपल्या तेरा डिग्रीत ठेवली आणि हिला हात लावला नाही. बायको म्हणाली, “नको ना तुम्हाला? मग माझी.” त्याच सुमारास त्या फ्रिजच्या कप्प्याचा डावा आधार तुटला. ती त्याला सांगून सांगून थकली. शेवटी तिनं ती बाटली कप्प्याच्या कोपऱ्याखाली उभी केली. उंची अगदी मापात बसली. गावभरचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा कप्पा नऊ वर्षं एका बाटलीच्या डोक्यावर उभा होता, आणि तो रोज त्याच फ्रिजमधून पाणी काढून पीत होता.

तेरा गुडघा विसरून खाली बसला. बाटलीच्या तळाला बोटभर गाळ होता. “चार डिग्री,” तो पुटपुटला. बिअर मुरायला तेरा डिग्री बरी, पण यीस्ट टिकायला जितका गारवा तितका चांगला. हे त्याला ठाऊक होतं. पण ती बाटली त्यानं कधी मोजलीच नव्हती.

“नेऊ का?”

“न्या की. पण आधी ताईंना सांगा.”

“काय सांगू?”

“अहो, मी शेजारी घड्या घालत बसले होते. बहिरी नाहीये मी. फोन ठेवल्यावर तुमचं तोंड कसं झालं होतं तेही बघितलं.”

त्यानं बाटली कप्प्याखाली उगाच सरळ केली. मग म्हणाला, “तू का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. दीड महिना झाला.”

“तिनं हाकलून दिलं तर?”

“तर बाटली तिथं ठेवून घरी या. दुसरं काय?”

बाटली काढायची म्हणजे कप्पा बसवणं आलं. आधाराची प्लास्टिकची खुंटी त्याच्या पिशवीच्या तळाशीच सापडली, तशा दोन होत्या. काम चार मिनिटांचं होतं. बायको दाराला टेकून बघत होती. “चार मिनिटं,” ती म्हणाली. “नऊ वर्षं आणि चार मिनिटं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टाकी धूत होती. तेरानं बाटली पिशवीतून काढलीच नाही. दारातच उभं राहून, घाईघाईनं, एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईनं नळ बंद केला.

“म्हणजे तुला फोनवरच कळलं होतं.”

“हो.”

“आणि मला म्हणालास, दार उघडू नका.”

“हो.”

“मी उघडलं नाही रे,” ताई म्हणाली. “दोन दिवस. हात दारावर ठेवून ठेवून काढून घेत होते. तेरा म्हणालाय ना, मग नको उघडायला.”

तेराला तोंड वर करवेना.

“नुसतं प्लग काढा म्हणाला असतास. बरण्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणाला असतास. यायला कोण सांगत होतं तुला?”

“दमलो होतो ताई. फार दमलो होतो.”

“मग तसं म्हणायचं होतंस!” आता तिचा आवाज चढला. “दमलो म्हणायला काय धाड भरली होती? मी दमत नाही? खोटं कशाला सांगितलंस? आणि पाच आठवडे मी तुझे उपकार मानतेय, ते ऐकून घेत होतास!”

तेरानं बाटली ओट्यावर ठेवली. कुठली, कुणाची, कशी राहिली ते थोडक्यात सांगितलं. ताईनं चिठ्ठी नसलेल्या त्या बाटलीकडे बघितलं. “ठेव. आणि जा आता,” ती म्हणाली. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही.

तो गुरुवार त्यानं घरीच काढला. पुढचे दिवस कामाला जायचा, यायचा, झोपायचा. सहाव्या दिवशी फोन वाजला. ताई एकच शब्द बोलली, “ये.”

ओट्यावर काचेचा चंबू होता. वर कापूस, आत तपकिरी पाणी, आणि कडेकडेनं नखाएवढा फेस. ताई म्हणाली, “कान लाव. फार शहाणा आहे ना तुझा कान.”

त्यानं कान लावला. आत अगदी बारीक, थांबून थांबून, चुरचुर होत होती. आयुष्यभर त्यानं बिघाड ऐकले होते. हा बिघाड नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. ताईनं त्याच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ती आपली दोन बरण्या उकळून घेत होती.

दहा दिवसांनी यीस्ट दोन बरण्या भरण्याइतकं वाढलं. एक ताईनं आपल्या नव्या फ्रिजमध्ये ठेवली. दुसरी कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिली, सोबत एक छोटी बाटली. “ही बरणी तुझ्या बायकोला दे. तिच्या फ्रिजमध्ये राहू दे. तुझ्या तेरा डिग्रीत नको, आणि तुझ्या भरवशावर तर नकोच. तू नुसती पोचव. बाटलीत त्या चौदाव्या बाटलीतली उरलेली बिअर आहे, तीही तिचीच.”

“आणि मी, ताई?”

“तू गुरुवारी येत जा. राग आहे मला अजून. पण ये.”

बायकोनं बरणी घेतली, नव्यानं बसवलेल्या कप्प्यावर मागच्या बाजूला ठेवली आणि बिअरचा एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, थोडं थांबली, आणखी एक घेतला. “वाईट नाही,” ती म्हणाली. “पण यासाठी एवढं?”

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो टबात पाय सोडून बसला होता. फोन वाजला. कुणी अनोळखी बाई, फ्रिज कसलासा आवाज करतोय, आत्ता येता का? तेरा म्हणाला, “फोन जवळ धरा.” ऐकलं. शेजारी बायकोचे घड्या घालणारे हात थांबले होते.

“बाई, मी फार दमलोय,” तो म्हणाला. “आज येणार नाही. पण ऐका, आधी प्लग काढा. आतलं सगळं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवा. उद्याची वाट बघू नका, आत्ता काढा. काढला का? मी फोन धरून आहे.”

पलीकडून बाई म्हणाली, “काढला.” त्यानं फोन खाली ठेवला. बायकोनं पुढचा शर्ट घडी घालायला घेतला आणि म्हणाली, “पाणी गार झालं असेल. कोमट आणू?”